सोवळ्याचा दिवस

कौशल्याने आल्याचा तुकडा स्टीलच्या पेल्याच्या बुडाने ठेचला, उकळत्या चहात टाकला आणि पॅन्ट्रीच्या अर्धवट उघड्या दारातून वॉर्डात नजर टाकली. श्रद्धा खिडकीजवळच्या आजींचं सलाइन बदलून निघाली होती. आता ती सरळ शेजारच्या खाटेकडे जाते की मध्ये थांबते, एवढंच कौशल्याला पाहायचं होतं. श्रद्धा थांबली. खाटेच्या पायथ्याशी अडकवलेल्या बाटलीतून तिने सॅनिटायझर घेतलं, तळवे चोळले, बोटांच्या बेचक्यांत बोटं घातली, पार मनगटापर्यंत हात नेला आणि मगच पुढच्या पेशंटला हात लावला. एरवी जिला स्वतःच्या डब्याचं झाकण नीट लावायचं भान नसतं, ती मुलगी भिंतीवरच्या तक्त्यातल्या बाईसारखे हात चोळत होती. कौशल्याने मोबाइलवर तशी खूण केली आणि ती वळली, तोवर चहा उतू गेला होता.

कौशल्या हाडांच्या वॉर्डाची लिंक नर्स होती. म्हणजे काम वॉर्डातलंच. औषधं, सलाइनं, ड्रेसिंग, नातेवाइकांची बोलणी, सगळं इतरांसारखं. त्याच्या जोडीला जंतुसंसर्ग रोखणाऱ्या विभागाचे वॉर्डातले डोळे आणि तोंड तिनेच व्हायचं. हॉस्पिटलच्या प्रत्येक वॉर्डात अशी एकेक नर्स नेमलेली होती. मधूनमधून एखादा दिवस ठरवून, तो कुणालाही न सांगता, कोण हात धुतं आणि कोण नाही हे बघायचं आणि तळमजल्यावर कळवायचं. कौशल्याची नेमणूक काही तिच्या गुणांमुळे झालेली नव्हती. नाव द्यायचं होतं त्या दिवशी ती हिंगोलीला चुलतभावाच्या लग्नात पंगतीला बसलेली होती, आणि जो हजर नाही त्याचं नाव पुढे करायचं, ही रीत मोठमोठ्या संस्थांमधूनसुद्धा इमानेइतबारे पाळली जाते.

नेमणूक सगळ्यांना ठाऊक होती. बघण्याचा दिवस मात्र तिच्या एकटीच्या पोटात असायचा, आणि तो तिला पचत नसे. ज्यांच्या डब्यातलं खायचं त्यांच्यावरच पाळत ठेवायची म्हणजे काय! भाग्यश्रीताई तर तिच्याच भागातली, सेनगावकडची. कौशल्या पुण्यात आली तेव्हा ना ओळख ना पाळख; भाग्यश्रीने तिला कर्वेनगरातल्या आपल्या दोन खोल्यांत तीन महिने ठेवून घेतलं होतं, नवऱ्याला आणि मुलांना बाहेरच्या खोलीत झोपवून. अजूनही दुपारी तिच्या डब्यातली जवसाची चटणी निम्मी कौशल्याच्या भाकरीवर यायची. अशा बाईच्या हातांकडे चोरून बघताना कौशल्याला आपणच चोर आहोत असं वाटे. मग ती सगळ्यांसाठी आलं घालून चहा करी, कपात ओतून ज्याच्या त्याच्या हातात नेऊन देई, आणि तेवढ्यापुरतं तिला बरं वाटे.

आजही तिने चहा नेऊन दिला. भाग्यश्रीने कप घेण्याआधी बेसिनवर जाऊन हात धुतले, साबण लावून, सावकाश, आणि ओल्या हाताने कप घेत तिच्याकडे बघून ती गोड हसली.

तळमजल्यावर पद्मजा मॅडमनी तिने कळवलेलं पाहिलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. पद्मजा मॅडम संसर्ग विभागाच्या मुख्य सिस्टर. जन्म नारायण पेठेतला, सासर दोन गल्ल्या सोडून. शब्द त्या वाया घालवत नसत, आणि जे खर्च करत ते समोरच्याला बरोबर जागेवर लागतील अशा बेताने करत.

"शंभर टक्के," त्या म्हणाल्या. "अहो कौशल्या, आमच्या घरी जेवायला चार माणसं बसतात. तिथे आकडा कधी पंचाहत्तरच्या वर गेलेला मी पाहिला नाही."

कौशल्याला हसावं की नाही कळेना. तिने सांगितलं, की तिने जे पाहिलं तेच कळवलं आहे, कुणालाही झुकतं माप दिलेलं नाही. पद्मजा मॅडमनी मान डोलावली. त्यांना ते पटलेलं दिसलं, आणि तीच त्यांची अडचण असावी. हाडांच्या वॉर्डात थोड्या दिवसांच्या अंतराने दोघांच्या ऑपरेशनच्या जखमा चिघळल्या होत्या, आणि आता लोणी काळभोरच्या रंगरावांची जखम पाझरायला लागली होती. ऑपरेशन थिएटर तपासून झालं होतं, हत्यारं निर्जंतुक करणारं यंत्र तपासून झालं होतं, पाणी तपासायला पाठवून त्याचं उत्तर आलं होतं. कुठेच काही सापडलं नव्हतं.

"मग या जखमा कुणाच्या आशीर्वादाने चिघळतायत?"

"माहीत नाही, मॅडम. हात तर सगळ्या धुतात. मी डोळ्यांनी बघितलंय."

"घोळ तोच आहे," पद्मजा मॅडम म्हणाल्या आणि चष्मा पुन्हा लावून कामाला लागल्या. 

जिना चढताना कौशल्या त्या वाक्याचा अर्थ लावत राहिली. तिच्या डोळ्यांत घोळ आहे असं त्यांना म्हणायचं होतं, की ती खोटं बोलते असं? दोन्हीपैकी काहीही असलं तरी तिला राग यायला हवा होता. पण राग येण्याइतकीसुद्धा स्वतःबद्दल खात्री तिला वाटेना.

रंगराव आसपासच्या गावांच्या जत्रांमध्ये कुस्त्यांचे पंच म्हणून उभे राहत. तरुणपणी स्वतः कुस्ती खेळलेले, आता साठी उलटलेली, पण चैत्रात यवतपासून शिरूरपर्यंत त्यांना बोलावणं असे. मोटारसायकलवरून पडून त्यांचा खुबा मोडला आणि डॉक्टरांनी सांधा बदलला. पहिले काही दिवस सगळं सुरळीत होतं. रंगराव वॉकर धरून दारापर्यंत चालले, तेव्हा अख्ख्या वॉर्डाने टाळ्या वाजवल्या. मग एका सकाळी पट्टीवर पिवळट डाग दिसला. दुसऱ्या दिवशी तो मोठा झाला. सर्जननी खाटेशी उभं राहून स्पष्ट सांगितलं, की औषध बदललं आहे, थोडी वाट बघू. पाझर थांबला नाही तर जखम उघडून धुवावी लागेल, आणि जंतू सांध्यापर्यंत पोचलेले निघाले तर नवा सांधा काढून टाकावा लागेल. मग कित्येक महिने अंथरूण, आणि पुढे चालणं होईल की नाही हे आज सांगता येणार नाही. रंगरावांनी ऐकून घेतलं आणि चैत्र कधी लागतो एवढंच विचारलं.

त्यांची बायको हौसाबाई खाटेशेजारच्या स्टुलावर दिवस दिवस बसून असे. तिने पहिल्या आठवड्यातच ठरवून टाकलं होतं, की मालकांची पट्टी कौशल्या सिस्टरच बदलतील. इतर कुणी ट्रॉली घेऊन आलं की ती पदर सावरून उठायची आणि म्हणायची, त्या हिंगोलीच्या सिस्टर येऊ द्या, त्यांच्या हाताला गुण हाय. कौतुक कुणाला नको असतं? कौशल्या पाळीवर असेल तेव्हा हातातलं काम टाकून येई. बघण्याचा दिवस असला तरी येई. एक डोळा वॉर्डावर ठेवून ती रंगरावांची पट्टी सोडायची, आणि शेजारच्या खाटेशी कोण काय करतंय हेही तिच्या नजरेतून सुटायचं नाही.

"तुमचं काम आमच्यावानीच हाय म्हना की," रंगराव एकदा तिला म्हणाले होते. वॉर्डातल्या मुलींनीच त्यांना सांगितलं असणार. "पंचाला दोन्हीकडनं शिव्या. म्हनून आमच्यात रीत हाय, जत्रंच्या दिशी पंचानं कुना पैलवानाच्या घरी जेवायला जायचं न्हाई."

त्यावर कौशल्या हसली होती आणि त्याच दुपारी भाग्यश्रीच्या डब्यातली चटणी तिने नेहमीसारखी वाटून घेतली होती.

पद्मजा मॅडमशी बोलणं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी ती ट्रॉली घेऊन रंगरावांच्या खाटेशी आली. हा साधा दिवस होता. बघायचं नव्हतं, कळवायचं नव्हतं, त्यामुळे मन जरा मोकळं होतं. रंगरावांना झोप लागली होती. हौसाबाईने आवाज खाली घेतला.

"सिस्टर, आज सोवळं न्हाई का?"

कौशल्याला प्रश्न कळला नाही. तिने पुन्हा विचारलं, तेव्हा हौसाबाई जरा ओशाळली. आपण शिकलेल्या माणसाला भलतंच काही विचारलं की काय, असं तिला वाटलं असावं. मग तिने हळूहळू उलगडून सांगितलं. तिची सासू होती तेव्हा घरात असे काही दिवस पाळायचे. त्या दिवशी हात धुतल्याबिगर कशाला म्हणून शिवायचं नाही, एकाचं शिवून दुसऱ्याला लागायचं नाही. इथेही तसे दिवस पाळतात हे तिने आल्यापासून पाहिलं होतं. ज्या दिवशी कौशल्या सिस्टर चहा करतात त्या दिवशी सकाळपासून सगळ्या सिस्टर या खाटेवरून त्या खाटेला जाताना हात धुतात. एकदासुद्धा चुकत नाहीत. दुसऱ्या दिवशी सगळं रोजच्यासारखं. काल होतं. आज नाही.

"कुठल्या देवाचं असतंय, म्हनलं इचारावं," हौसाबाई म्हणाली. "मी बी उपास धरीन त्या दिशी. मालकाला गुण आला तर."

कौशल्याच्या हातात पट्टीचं पाकीट होतं, ते तिने ट्रॉलीवर परत ठेवलं. कुठल्याच देवाचं नसतं, एवढं ती कसंबसं म्हणाली आणि वळून वॉर्डाकडे बघू लागली. श्रद्धा एका पेशंटच्या लघवीची पिशवी रिकामी करून आली, तिने हातमोजे काढून डब्यात टाकले आणि ती सरळ पुढच्या आजोबांची उशी नीट करायला गेली. कोपऱ्यात भाग्यश्री एका हाताने पडदा ओढत होती, दुसऱ्या हाताने सलाइनची नळी तपासत होती, आणि तिथून ती शेजारच्या खाटेकडे गेली. बाटल्या जिथल्या तिथे लटकत होत्या. दोघींनीही त्यांच्याकडे वळून पाहिलं नाही. कुणी लपवतही नव्हतं, घाईही दिसत नव्हती. रोजचंच काम रोजच्या रीतीने चाललं होतं आणि कौशल्या ते जणू पहिल्यांदा बघत होती.

एवढे महिने मी काय बघत होते, असं तिच्या मनात आलं. जे बघितलं ते खरं होतं. त्यातली एकही खूण खोटी नव्हती. तरी सगळं मिळून खोटं झालं होतं, आणि ते नेमकं कुठे झालं हे तिला बोट ठेवून दाखवता येईना.

दुपारी पाळी संपल्यावर कपडे बदलायच्या खोलीत भाग्यश्री आरशासमोर केस सोडून उभी होती. दोघी रोज भाग्यश्रीच्या स्कूटरवरून बरोबरच कर्वेनगरला जायच्या. कौशल्या आता तिच्या शेजारच्या गल्लीत कॉट बेसिसवर राहत होती. कौशल्याने दार लोटून घेतलं आणि विचारलं, की ती कोणत्या दिवशी बघते हे भाग्यश्रीला माहीत होतं का.

भाग्यश्री हसली. तिने ते घरातली गंमत सांगावी तसं सांगितलं. पहिल्या वेळी तिला वाटलं, पोरीचा वाढदिवस असेल. दुसऱ्या वेळी कौशल्या चहा गाळता गाळता दाराआडून डोकावताना दिसली आणि मग काय ते कळलं. मुलींना तिनेच सांगून ठेवलं होतं, आल्याचा वास आला की हात धुवा. वॉर्डातल्या मामांना ठाऊक होतं, झाडणाऱ्या मावशींना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एका कौशल्यालाच.

"पण का, ताई?"

"का म्हंजे? तुझ्यासाठीच की गं," भाग्यश्री म्हणाली. केसांतला कंगवा तसाच राहिला. "तुझी कायमची ऑर्डर निघायची हाय. वॉर्डाचं वाईट आलं तर पहिलं कुणाला धरतेत? मला का? मी जुनी. तुलाच धरतेत. लेकरू गावाकडून आलंय, लागू दे एकदाचं मार्गी, म्हणलं."

कौशल्याला रडू यायला लागलं. तिला एकाच वेळी भाग्यश्रीच्या गळ्यात पडावंसं वाटलं आणि तिला धरून गदागदा हलवावंसंही वाटलं. घरापासून इतक्या दूर आपली एवढी काळजी करणारं माणूस मिळणं हे काय थोडं होतं? आणि त्याच काळजीने वॉर्डावर असा पडदा ओढला होता, की त्याच्यामागे रंगरावांची जखम चिघळत राहिली तरी कुणाला दिसू नये.

"आणि रंगराव?" तिने विचारलं.

भाग्यश्रीचा चेहरा उतरला. तिने केस घट्ट बांधले, पर्स काढली, पुन्हा कपाटात ठेवली. भरलेला वॉर्ड आणि आपण दोघीतिघी, हे कौशल्याला दिसत नाही का, असं तिने विचारलं. दर वेळी बेसिन गाठत बसलं तर पेशंटला वेळेवर औषध कोण देणार? जखमा काय फक्त हातांनीच चिघळतात? माणसाला साखर असते, वय असतं, नशीब असतं. बोलता बोलता तिचा आवाज चढला आणि मग एकदम खाली आला.

"माझ्याच हातानं झालं म्हणायलीस का?"

"मला काहीच कळंना झालंय, ताई," कौशल्या म्हणाली, आणि ते अगदी खरं होतं.

ती तशीच खाली तळमजल्यावर गेली. आपण काय सांगणार आहोत हे तिने ठरवलेलं नव्हतं. ठरवायला थांबली असती तर गेलीच नसती. पद्मजा मॅडम घरी निघायच्या तयारीत होत्या. कौशल्याने उभ्या उभ्याच सांगितलं, की आतापर्यंतचे सगळे आकडे निकामी आहेत, आणि त्याला कारण तिचा चहा आहे. भाग्यश्रीचं नाव तिने घेतलं नाही. पद्मजा मॅडमनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. चहाचं ऐकताना त्यांच्या ओठांची एक कड जराशी हलली, पण त्या हसल्या नाहीत.

आता मॅडम काय करणार, असं कौशल्याने विचारलं. मेमो देणार का?

"मेमो कुणाला, आल्याला?" पद्मजा मॅडम म्हणाल्या. त्यांनी पर्स खांद्याला लावली आणि मग पुन्हा खुर्चीवर बसल्या. "हे बघा, मी वर यायला निघाले की जिन्यातच बातमी पोचते. माझ्यासमोर सगळे धुतात. मी खाली आले की वर तुम्ही असता. म्हणून तर वॉर्डातलंच माणूस नेमतो आम्ही. तुम्हाला मोजायला सांगितलं, ते ठीक आहे. पण मुख्य काम बोलण्याचं आहे. समोरची हात न धुता पेशंटकडे निघाली, की तिथल्या तिथे बोलायचं."

"भाग्यश्रीताईंनासुद्धा?"

नाव तोंडातून गेलं ते गेलंच. पद्मजा मॅडमनी ते ऐकलं नाही असं दाखवलं.

"ज्यांना बोलणं सोपं असतं, त्यांना मी बोलतेच की," त्या म्हणाल्या आणि दिवा बंद करायला उठल्या.

कौशल्या बाहेर आली तेव्हा पार्किंगमध्ये भाग्यश्रीची स्कूटर नव्हती. भाग्यश्री तिला टाकून गेली, असं आजवर कधी झालं नव्हतं. कौशल्या बसस्टॉपवर जाऊन उभी राहिली. दोन बस आल्या आणि गेल्या, तिच्या लक्षातही आलं नाही. रंगरावांनी सांगितलेली पंचाची रीत तिला आठवली, पण तिचा काही उपयोग होईना. कुस्तीचा पंच संध्याकाळी आपल्या गावी परत जातो. तिला उद्या सकाळी त्याच वॉर्डात, त्याच माणसांत जायचं होतं, आणि त्यांच्याशिवाय या शहरात तिचं कुणी नव्हतं.

सकाळी वॉर्डात भाग्यश्री तिच्याशी कामापुरतं बोलली. कुठल्या पेशंटला ताप आहे, कुणाचं रक्त पाठवायचं आहे, एवढंच. श्रद्धा दोघींच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत होती. पॅन्ट्रीत कुणी गेलं नाही. राउंडला येताना सर्जन रंगरावांची जखम स्वतः बघणार होते आणि थिएटरमध्ये न्यायचं की नाही हे तिथेच ठरणार होतं. त्याआधी जुनी पट्टी काढून जखम साफ करून ठेवायची होती. हौसाबाई पहाटेपासून स्टुलावर हात जोडून बसली होती. आज ती काही विचारत नव्हती.

कौशल्या ट्रॉली घेऊन आली. तिने पडदा ओढला, खाटेचा कठडा खाली केला. रंगरावांना कुशीवर वळवायला एकटीने जमण्यासारखं नव्हतं, म्हणून तिने मदतीला हाक मारली. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटच्या लघवीची पिशवी भाग्यश्री रिकामी करत होती. ती हातमोजे काढून टाकत पडद्याच्या आत आली आणि नेहमीच्या सवयीने रंगरावांच्या कमरेखाली हात घालायला वाकली.

"ताई, हात."

आवाज कौशल्याचाच होता, पण तो इतका मोठा निघेल असं तिला वाटलं नव्हतं. भाग्यश्री वाकलेली तशीच थांबली. रंगरावांनी मान वळवली. हौसाबाईने जोडलेले हात सोडले आणि एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं. पेशंटसमोर, नातेवाइकांसमोर आपल्याला असं कुणी बोलेल, आणि तेही हिने, हे भाग्यश्रीला खरंच वाटत नसावं. तिचे कान लाल झाले. कौशल्याला वाटलं, आता ही निघून जाईल आणि पुन्हा कधी माझ्याशी बोलणार नाही. तिने शब्द परत घेतले नाहीत. घ्यावेसे मात्र फार वाटले.

भाग्यश्री सरळ झाली. पडद्याबाहेर भिंतीशी बेसिन होतं, तिथे ती गेली. नळ सुरू झाला. बराच वेळ पाणी वाहिल्याचा आवाज येत राहिला. मग ती परत आली, दोन्ही हात छातीशी वर धरून, कोपरांवरून पाणी गळत होतं. ती खाटेपाशी आली नाही. पडद्याच्या कडेशी उभी राहिली.

"माझे झाले," ती म्हणाली. "तुझे?"

धुतलेत, असं म्हणायला कौशल्याने तोंड उघडलं. आणि ती आठवू लागली. सकाळी आल्यावर धुतले होते, ते नक्की. त्यानंतर पलीकडच्या आजींचा ताप पाहिला. ट्रॉली लावली. वाटेत श्रद्धाने बोलावलं म्हणून एका पेशंटची पट्टी धरली, तेव्हा ती श्रद्धाच्या हातांकडे बघत होती. मग पडदा, मग खाटेचा कठडा. मध्ये कुठे बेसिन आलं का, बाटली आली का, काही केल्या तिला आठवेना. आणि आजचंच नाही. चहाच्या दिवशी वॉर्डभर नजर फिरवत तिने किती वेळा रंगरावांची पट्टी सोडली होती, त्या सगळ्या दिवसांतले तिला श्रद्धाचे हात आठवत होते, भाग्यश्रीचे आठवत होते, मामांचे आठवत होते. स्वतःचे आठवत नव्हते. त्यांच्याकडे कुणी बघितलंच नव्हतं.

हौसाबाई तिच्याकडे बघत होती. ज्या हाताला गुण आहे, असं ती सगळ्या वॉर्डाला सांगत आली होती, तो हात ट्रॉलीच्या दांडीवर होता. कौशल्याने तो उचलला आणि कुठे ठेवावा हे तिला कळेना.

"आठवत नाही, ताई," ती म्हणाली. हौसाबाईला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली.

भाग्यश्रीने कोपराने पडदा बाजूला सारून वाट करून दिली. कौशल्या बेसिनपाशी गेली, नळ सोडला, साबण लावला आणि हात चोळायला लागली. भाग्यश्री पडदा अडवून तिथेच उभी होती आणि तिच्या हातांकडे टक लावून बघत होती, एकदाही दुसरीकडे न पाहता. वॉर्डाच्या दारातून सर्जनांचा आवाज आत आला. कौशल्याने घाईने पाण्याखाली हात धरले.

"अंगठे राहिले," भाग्यश्री म्हणाली.

कौशल्याने पुन्हा साबण घेतला.